निघण्याआधीची प्रकरणे

१

समुद्रप्रवासाचे पुस्तक हाती आले की पुष्कळ वाचक जे करतात तेच मी वर्षानुवर्षे करत आले. सुरुवातीची दोन-तीन प्रकरणे भराभर चाळायची आणि बोट बंदराबाहेर पडते तिथपासून नीट वाचायला लागायचे. लाकूड कुठून आणले, शिडाला किती पैसे पडले, कोणत्या कारागिराने वेळेवर काम दिले नाही, हा सगळा मजकूर मला मंगलाष्टकांआधीच्या मानपानासारखा वाटे. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवताना मी विद्यार्थ्यांनाही सांगत असे की पहिली प्रकरणे सोडलीत तरी चालेल. हा लेख म्हणजे त्या सल्ल्याची जाहीर दुरुस्ती आहे.

दुरुस्तीला निमित्त झाले अ‍ॅन डेव्हिसन यांचे ‘लास्ट व्हॉयेज’ हे १९५१ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन. एका जुन्या बोटीची डागडुजी करत, त्याच बोटीत संसार मांडून राहिलेल्या नवरा-बायकोची ही हकीकत आहे. तिच्यात प्रत्यक्ष सफर तीन आठवड्यांच्या आत संपते. बाकी सारे पुस्तक निघण्याआधीचे. माझ्या सल्ल्याप्रमाणे कोणी हे पुस्तक वाचले असते तर त्याच्या हाती केवळ एक अपघात लागला असता.

या निमित्ताने मी जुनी पुस्तके पुन्हा काढली आणि त्यांतला फक्त तयारीचा भाग सलग वाचला. तेव्हा एक प्रश्न सगळीकडे दिसू लागला. ‘आता पुरे, निघू या’ हे कोण ठरवते? बोट कधीच पूर्ण तयार होत नसते. कुठल्यातरी क्षणी ती तयार आहे असे जाहीर करावे लागते. माझे म्हणणे असे की तयारीच्या प्रकरणांची खरी कथावस्तू हा निर्णय आहे. माणूस ज्या बोटीवर काम करतो तिच्यातच राहायला लागला की हा निर्णय त्याच्या हातून निसटू लागतो, हे त्यापुढचे म्हणणे.

२

या लेखनप्रकाराचा मूळपुरुष जोशुआ स्लोकम. जगाला एकट्याने प्रदक्षिणा घालणारा पहिला माणूस. ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे त्याचे पुस्तक १९०० साली आले. शिडाच्या जहाजांचा हा कप्तान वाफेच्या जमान्यात बेकार झाला होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फेअरहेवन इथे एका ओळखीच्या वृद्ध कप्तानाने त्याला एक ‘जहाज’ देऊ केले. जाऊन बघतो तो समुद्रापासून दूर, एका शेतात, टेकू लावून ठेवलेली, कापडाने झाकलेली पुरातन बोट. तीच ‘स्प्रे’. गावकऱ्यांना वाटले, हा आता ती मोडून लाकूड विकणार. स्लोकमने जवळपासच्याच कुरणातला ओक तोडून तिचा नवा कणा घातला आणि एकेक फळी बदलत सगळी बोट नव्याने उभी केली. हिशेब तो स्वतःच देतो: सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट आणि त्याची स्वतःची तेरा महिन्यांची मेहनत.

हा आकडा मी पूर्वी नुसता गंमत म्हणून वाचला होता. आता वाटते, त्या पुस्तकाचा सूर याच आकड्याने लावला आहे. बासष्ट सेंटांपर्यंत हिशेब देणारा माणूस पुढे वादळाची उंची सांगतो तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. स्लोकमला घाई नव्हती हेही लक्षात घेतले पाहिजे. बोट शेतात उभी होती, तिच्यात त्याला राहायचे नव्हते, कोणी तारीख दिलेली नव्हती. पाण्यात उतरवल्यावरही तो लगेच निघाला नाही. आधी एक हंगाम मासेमारीत घालवला आणि आपल्याला मासे पकडता येत नाहीत हे मान्य केले. बॉस्टनहून तो निघाला २४ एप्रिल १८९५ रोजी. ‘पुरे’ हा शब्द त्याने स्वतः, स्वतःच्या वेळेला उच्चारला.

त्याच्या अगदी उलट टोकाला जॅक लंडनचे ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’, १९११ सालचे. लंडन त्या वेळी भरपूर वाचला जाणारा लेखक होता आणि सात वर्षे जगभर फिरण्याचा त्याचा बेत होता. बोटीला सात हजार डॉलर लागतील असा अंदाज होता, लागले तीस हजार. ऑक्टोबर १९०६ मध्ये निघायचे ठरले होते, निघायला एप्रिल १९०७ उजाडला. मध्येच, बोटीच्या तळाचा लोखंडी कणा ओतायचा त्याच सुमारास, १८ एप्रिल १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला आणि माणसे, माल, मजुरी सगळ्यांचाच दुष्काळ पडला. या साऱ्या रखडण्यावर लंडनने एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे आणि त्याला ‘अकल्पनीय आणि राक्षसी’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. प्रकरण वाचताना हसू आवरत नाही. उत्तमातला उत्तम माल मागवला आणि तोच मोडला, असे एकामागून एक सांगत तो जातो.

पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते की दोष कोणाचा, हा प्रश्न त्या हशात विरघळून गेला आहे. मित्र पैजा लावत होते, वर्तमानपत्रे थट्टा करत होती, धनको न्यायालयात गेले होते. लंडन निघाला तो बोट तयार झाली म्हणून नव्हे. आणखी थांबणे लाजिरवाणे झाले म्हणून. उरलेले काम हवाईत पोचल्यावर करू असे ठरले, आणि तिथे पुढचे काही महिने खरोखरच दुरुस्तीत गेले. सात वर्षांची सफर दोन वर्षांतच ऑस्ट्रेलियात आटोपली. लंडनचे गद्य स्लोकमपेक्षा चमकदार आहे यात शंका नाही. तरीही तयारीच्या प्रकरणात मला स्लोकम मोठा लेखक वाटतो. त्याच्या हिशेबात त्याने स्वतःला वगळलेले नाही.

३

आता डेव्हिसन दांपत्याकडे येते. फ्रँक आणि अ‍ॅन दोघेही विमाने चालवणारे. युद्धापूर्वी एका विमानतळाचा कारभार, मग स्कॉटलंडमधल्या लॉख लोमंड सरोवरातल्या बेटावर शेती आणि शेळ्या-हंसांचे पालन, असे करत करत ते बोटीपर्यंत आले. ‘रिलायन्स’ ही सत्तर फुटी, मासेमारीची जुनी बोट इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर फ्लीटवूड बंदरात होती. ती घेऊन दूरदेशी जायचे, असा बेत. दोघे बोटीतच राहायला गेले आणि सुमारे दोन वर्षे काम चालले.

पुस्तकाच्या पूर्वार्धात विमानतळ आणि बेटे यांना दिलेली जागा पाहून पूर्वपीठिका लांबली अशी तक्रार करावीशी वाटते. मलाही पहिल्या वाचनात तसे वाटले होते. दुसऱ्या वाचनात जाणवले की या जोडप्याने आयुष्यभर एकच गोष्ट केली आहे: जिथे काम तिथेच घर. कामाच्या जागेहून घरी येणे त्यांना माहीतच नाही. बोट ही त्या सवयीची शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी.

अवघड का, हे समजून घ्यायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आम्ही दापोलीजवळ घर बांधले तेव्हा भाडे परवडेना म्हणून गिलावा व्हायच्या आधीच राहायला गेलो. सिमेंटच्या गोण्यांना टेकून मी उत्तरपत्रिका तपासल्या. कारागीर आले की अंथरुणे गुंडाळायची, गेले की पुन्हा पसरायची. काही दिवसांनी एक विचित्र गोष्ट होते. उघडी वीट दिसेनाशी होते. अर्धवट राहिलेला कोपरा आपण कपडे वाळत घालायला वापरू लागतो आणि मग तो पूर्ण करायचा तर कपडे कुठे घालायचे, ही अडचण होऊन बसते. स्वयंपाकघरामागची भिंत आमच्याकडे अकरा वर्षे तशीच होती. ती पूर्ण करू या, असे माझे यजमान दर पावसाळ्याआधी म्हणत. मीही हो म्हणत असे.

घराला हे परवडते, बोटीला परवडत नाही. घर आणि बोट यांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. घराला फडताळे हवीत, पुस्तके हवीत, ऊब हवी, सामान हवे. बोटीला हलकेपणा हवा, मोकळी जागा हवी, तळाशी हात पोचला पाहिजे. फ्रेंच नाविक बर्नार मोआतेसिए १९६८ च्या मोठ्या सफरीपूर्वी प्लिमथ बंदरात आपल्या ‘जोशुआ’ बोटीतून वस्तू काढून टाकत सुटला होता. इंजिन काढले, नांगर ओढण्याचे यंत्र काढले, छोटे होडगे, चार नांगर, साखळदंड, पुस्तकांची पेटी, सगळे उतरवले. वर्षानुवर्षे घर असलेल्या बोटीचे त्याने पुन्हा जहाज केले. ‘द लाँग वे’ या पुस्तकातली ती पाने म्हणजे निरवानिरव आहे.

डेव्हिसनांना अशी निरवानिरव करायला सवड मिळाली नाही. जुन्या लाकडात एक दुरुस्ती दुसरी उकरून काढते. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये माल महाग आणि दुर्मीळ. कर्ज वाढत गेले आणि अखेर बोटच धनकोच्या ताब्यात जाण्याची वेळ आली. तेव्हा १९४९ साली, बोट अर्धवट असताना, कायद्याला न जुमानता ते दोघेच तिला घेऊन निघाले. खराब हवामान, थकवा, इंजिनाचा असहकार यांच्याशी झगडत बोट इंग्लिश खाडीत आली आणि पोर्टलंड बिल या भूशिराखाली खडकांवर फुटली. तराफ्यावर फ्रँकचा अंत झाला. अ‍ॅन किनाऱ्याला लागली, कडा चढून वर आली.

पुस्तकाचे उपशीर्षक बारकाईने वाचण्यासारखे आहे. एका बेकायदा सफरीपर्यंत जे जे घडत गेले त्याचा आणि तिच्या परिणामाचा वृत्तांत, असा त्याचा आशय. ‘बेकायदा’ हा शब्द लेखिकेने स्वतः, मुखपृष्ठाच्या आतच घातला आहे. दोन वर्षांपूर्वी नवरा गमावलेल्या बाईला सहानुभूती मागणे सोपे होते. तिने आधी स्वतःवरचा आरोप लिहिला आणि मग हकीकत सांगितली. शिवाय त्या शीर्षकात वजन आहे ते ‘जे जे घडत गेले’ याला. सफर हा त्याचा एक टप्पा. पहिली प्रकरणे सोडून देणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला हे उत्तरच म्हणायचे.

मग प्रश्न उरतो: ते निघाले ही चूक होती का? समुद्राचे जाणकार ‘होय’ म्हणतील आणि ते बरोबरच असेल. पण टीकाकार म्हणून मला वाटते की चुकीची तारीख शोधायची तर ती निघण्याच्या रात्रीची नाही. बोटीत अंथरूण टाकले त्या दिवशी त्यांनी किनाऱ्यावरची जागा गमावली, जिथे उभे राहून ‘हे आपल्याने होणार नाही’ असे म्हणता आले असते. बोट विकणे म्हणजे बेघर होणे, असे समीकरण झाल्यावर ‘पुरे’ हा शब्द धनकोच्या तोंडून आला.

४

न निघणाऱ्या बोटींचेही एक श्रेष्ठ पुस्तक आहे. पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची ‘ऑफशोअर’ ही छोटी कादंबरी १९७९ च्या बुकर पारितोषिकाची मानकरी. काळ १९६० च्या आसपासचा, स्थळ लंडनमध्ये थेम्स नदीवरचा बॅटर्सी रीच. तिथे जुन्या मालवाहू बोटींमधून काही माणसे राहतात. भरतीला बोटी तरंगतात, ओहोटीला चिखलात बसतात. फिट्झजेराल्ड स्वतः मुलाबाळांसह अशाच एका बोटीत राहिल्या होत्या आणि ती बोट १९६३ मध्ये बुडाली. कादंबरीतली नेना तिच्या दोन मुलींसह ‘ग्रेस’वर राहते, नवरा मात्र बोटीत यायला तयार नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहतो.

यातला विलिस नावाचा म्हातारा चित्रकार माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. त्याला आपली ‘ड्रेडनॉट’ विकायची आहे आणि तिला गळती आहे. गळती भरतीच्या वेळीच दिसते, म्हणून गिऱ्हाईक शक्यतो ओहोटीलाच यावे अशी त्याची धडपड. यावर लेखिका त्याला लबाड म्हणत नाही. राहत्या बोटीचे सत्य असेच असते: ती चिखलात बसली असताना घर असते, पाणी चढले की तिची बोट म्हणून परीक्षा सुरू होते. विलिसने फक्त घराची वेळ निवडली. ‘ड्रेडनॉट’ शेवटी बुडते. कादंबरीच्या अखेरीस वादळात आणखी एका बोटीचे दोर तुटतात आणि ती दोन माणसांना घेऊन प्रवाहात निघून जाते. ज्या बोटी निघायच्या नव्हत्या त्यांतली एक निघते, आणि तो निर्णय कोणाचाच नसतो. डेव्हिसनांच्या आत्मकथनाशेजारी ठेवून वाचली की ही विनोदी म्हणून नावाजलेली कादंबरी मला भीतिदायक वाटू लागते.

५

तारखेने घेतलेल्या निर्णयाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत स्पर्धकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत निघायचे होते. डोनाल्ड क्रोहर्स्ट नेमका त्याच दिवशी टिनमथहून निघाला. माघार घेतली तर आर्थिक नाश ठरलेला होता. निकोलस टॉमलिन आणि रॉन हॉल यांनी १९७० साली लिहिलेल्या शोधग्रंथात निघण्याच्या आधीच्या दिवसांतला गोंधळ तपशिलाने आला आहे: अपुरी कामे, सामानाचे ढीग, धक्क्यावरच राहून गेलेले सुटे भाग. शेवटच्या रात्री, किनाऱ्यावरच्या हॉटेलात, बोट ठीक नाही हे त्याने पत्नीला सांगितलेही. म्हणजे त्याला किनारा होता, ऐकणारे माणूसही होते. तरी त्याला थांबवणारा शब्द कोणी उच्चारला नाही. पुढे खोटी स्थाने कळवत तो अटलांटिकमध्येच रेंगाळला. जुलै १९६९ मध्ये बोट रिकामी सापडली.

ती शर्यत पुरी करणारा एकमेव स्पर्धक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची ‘सुहेली’ आपल्या मुंबईची. व्यापारी जहाजावरच्या या तरुण अधिकाऱ्याने ही बत्तीस फुटी सागवानी बोट मुंबईत बांधून घेतली. आपल्या सुतारांनी ती वाकस आणि हातहत्यारांनी घडवली, याचे वर्णन तो ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ या १९६९ च्या पुस्तकात करतो. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरली, १९६५ च्या डिसेंबरात लंडनकडे निघाली, आणि पैसे संपले म्हणून वाटेत दक्षिण आफ्रिकेत थांबली. बेत मोडला तर थांबून नोकरी करायची आणि मग पुढे जायचे, ही सोय या माणसाने नेहमी राखली. शर्यतीत तळाच्या फटीतून पाणी येऊ लागले तेव्हा भर समुद्रात त्याने बोटीखाली बुडी मारून फटीत कापूस ठासला, वर कापडाची आणि तांब्याची पट्टी ठोकली. मी हा प्रसंग आता तयारीचेच एक प्रकरण म्हणून वाचते. निघाल्यावर काम उरणारच, हे गृहीत धरणारा माणूस ‘पुरे’ म्हणायला घाबरत नाही.

याच परंपरेत आपले दिलीप दोंदे येतात. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून नौदलाची सागरपरिक्रमा उभी राहिली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. दोंदे स्वतः इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून मे २०१० मध्ये ते परतले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या ‘द फर्स्ट इंडियन’ या पुस्तकाचा मोठा भाग बोटबांधणीचा, कागदपत्रांचा, फायलींचा आहे. पूर्वी मी म्हटले असते की हा भाग आटोपता हवा होता. आता म्हणेन, इथे ‘पुरे’ हा शब्द एका माणसावर सोडलेला नाही. तो बांधणाऱ्याने, शिकवणाऱ्याने, चाचणीसफरींनी आणि जाणाऱ्याने मिळून उच्चारला आहे. फायलींचा कंटाळा ही त्याची किंमत.

कोकणातल्या खारव्या-कोळ्यांनी तर हा प्रश्न पंचांगावर सोपवून टाकला आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारायच्या, दुरुस्ती करायची, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा. शाकारलेल्या होडीत कोणी राहात नाही. तांडेल संध्याकाळी घरी जातो आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी तिच्याकडे बघतो.

६

अ‍ॅन डेव्हिसन पुन्हा समुद्रावर गेल्या. १८ मे १९५२ रोजी ‘फेलिसिटी अ‍ॅन’ या तेवीस फुटी बोटीतून त्या प्लिमथहून एकट्या निघाल्या आणि जानेवारी १९५३ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटाला लागल्या. अटलांटिक एकट्याने ओलांडणारी ती पहिली स्त्री. त्यावरच्या ‘माय शिप इज सो स्मॉल’ या पुस्तकात बोटीचा लहानपणा शीर्षकातच आला आहे. सत्तर फुटांवरून तेवीस फुटांवर. एकट्या माणसाला जिचा प्रत्येक कोपरा हाताने चाचपता येतो, एवढीच बोट. हे धाडसाचे पुस्तक म्हणून वाचले जाते. पहिल्याच्या शेजारी ठेवले तर ते आवाक्याचे पुस्तक वाटते.

आमची स्वयंपाकघरामागची भिंत यजमान गेल्यानंतर मी पूर्ण करून घेतली. गवंड्याला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात मी शेजारी जाऊन बसले होते आणि संध्याकाळी परत आले तेव्हा, बाहेरून येताना, पहिल्यांदाच मला ती भिंत अकरा वर्षे कशी दिसत असेल ते दिसले. त्याच आठवड्यात ‘लास्ट व्हॉयेज’ दुसऱ्यांदा वाचायला घेतले होते. पहिल्या पानापासून.